जुन्या एसयूव्हीत जास्त ताकदीचे इंजिन बसवताना: कागदपत्रांपासून पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत

चेसिस भक्कम, बॉडी गंजलेली नाही, पण चढ लागला की मूळ इंजिन दम टाकते, अशी जुनी एसयूव्ही ज्याच्या दारात उभी असते त्याच्या मनात इंजिन बदलण्याचा विचार कधी ना कधी येतोच. माझ्याकडे १९९०च्या दशकातली टोयोटा लँड क्रूझर आहे, ८० मालिकेतली. तिच्यात ४.२ लिटरचे, सहा सिलिंडरचे, विनाटर्बो १एचझेड डिझेल इंजिन होते. हे इंजिन चिवट म्हणून नावाजलेले आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र दोन टनांहून जड गाडी आणि जेमतेम २८० न्यूटन-मीटर टॉर्क यांचा मेळ लांबच्या चढावर बसत नव्हता. मी त्याच्या जागी जनरल मोटर्सचे ५.३ लिटरचे पेट्रोल व्ही-८ बसवले. माझा अंदाज सहा आठवड्यांचा होता आणि प्रत्यक्षात अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत इंजिन उचलून जागेवर ठेवण्याचे काम एका दिवसाचे होते. बाकीचा काळ इंजिनाच्या भोवतालच्या गोष्टींनी खाल्ला. हा लेख मुख्यतः त्या भोवतालच्या गोष्टींविषयी आहे.

१. सर्वांत आधी परवानगी

पाना हातात घेण्यापूर्वी वाहन नोंदणीच्या कार्यालयात जाऊन लेखी उत्तर घ्यावे. नियम देशागणिक आणि कधी कधी प्रांतागणिक बदलतात, पण विचारण्याचे प्रश्न सगळीकडे सारखेच असतात. इंजिनाची क्षमता किती वाढवता येते? इंधनाचा प्रकार बदलता येतो का? नवे इंजिन गाडीच्या मूळ उत्पादनवर्षाच्या प्रदूषण निकषांत बसले तरी चालते, की त्याच्या स्वतःच्या वर्षाचे निकष लागू होतात? ताकद वाढल्यास ब्रेकही वाढवावे लागतात का? मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला लागत असेल तर तो काम संपल्यावर एकदा तपासतो, की मधल्या टप्प्यांवरही पाहणी करतो? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण इंजिन चेसिसवर धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचे वेल्डिंग रंगवून झाल्यावर अभियंत्याने तो रंग खरवडायला लावला, तेव्हा त्याचे महत्त्व मला कळले.

साधारणपणे पुढील कागद जपून ठेवावे लागतात:

- इंजिनाच्या खरेदीची पावती, तिच्यावर इंजिन क्रमांक आणि ते ज्या गाडीतून काढले त्या गाडीचा तपशील
- ती गाडी मोडीत काढल्याचा किंवा तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा
- ब्लॉकवर कोरलेल्या इंजिन क्रमांकाचा स्पष्ट फोटो आणि कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा
- बदलाला मिळालेली पूर्वपरवानगी
- अभियंत्याचा अहवाल आणि प्रदूषण चाचणीचा दाखला
- विमा कंपनीला दिलेल्या पत्राची पोच

इंजिन क्रमांकाचा ठसा इंजिन स्टँडवर असतानाच घ्यावा. बहुतेक इंजिनांवर तो अशा ठिकाणी असतो, की इंजिन गाडीत बसल्यानंतर तिथे आरसा धरूनही दिसत नाही. विमा कंपनीला न कळवता गाडी रस्त्यावर आणली, तर अपघातानंतर दावा नाकारला जाण्याची दाट शक्यता असते, मग तो अपघात इंजिनाशी संबंधित असो वा नसो.

२. इंजिन निवडण्याआधी जागा मोजावी

नवखा माणूस आधी इंजिन विकत घेतो आणि मग ते कुठे बसवायचे याचा विचार करतो. मीही तेच केले. योग्य क्रम उलटा आहे. बॉनेट काढून ठेवा, गाडी सपाट जागी घोड्यांवर (लोखंडी आधार-स्टँडवर) घ्या आणि मापे कागदावर उतरवा: फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापासून) रेडिएटरपर्यंतची लांबी, दोन्ही चेसिस पट्ट्यांमधली रुंदी, स्टिअरिंग शाफ्ट आणि ब्रेक बूस्टर किती आत येतात, आणि बॉनेटच्या खालच्या बाजूपासून पुढच्या ॲक्सलपर्यंतची उंची. सहा सिलिंडरचे सरळ इंजिन लांब पण अरुंद असते, तर व्ही-८ आखूड पण रुंद असते. त्यामुळे सरळ इंजिनाच्या जागी व्ही-८ येते तेव्हा पुढेमागे जागा उरते आणि बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नेमका स्टिअरिंग शाफ्टवर जाऊन टेकतो.

खरी अडचण मात्र खाली असते. पुढचा ॲक्सल अखंड असलेल्या गाडीत चाक खड्ड्यातून उसळले की संपूर्ण ॲक्सल डिफरन्शिअलच्या गोळ्यासह वर येतो आणि ऑइल चेंबरला (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याला) भिडू शकतो. गाडी स्थिर उभी असताना दिसणारी फट फसवी असते. पुढच्या स्प्रिंगा काढून ॲक्सल बंप स्टॉपला (त्याला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत जॅकने वर न्यावा आणि त्या स्थितीत मोजावे. त्यानंतर एकच चाक वर आणि दुसरे खाली अशा तिरक्या स्थितीत पुन्हा मोजावे, कारण घातक ठिकाण बहुधा तिथेच सापडते. मी ॲक्सलवर मातीचे गोळे चिकटवले, रिकामा ब्लॉक चेंबरसह जागेवर टांगला, ॲक्सल वर घेतला आणि चेपलेल्या मातीची जाडी मोजली. एका ठिकाणी ती ४ मिलिमीटर भरली. इंजिन चालू असताना रबर माउंटिंगवर हलते हे लक्षात घेता २५ मिलिमीटरपेक्षा कमी फट मी स्वीकारणार नाही, म्हणून मला वेगळ्या आकाराचा चेंबर शोधावा लागला. चेंबर बदलला की तेल ओढणारी नळी आणि तेलकाडीही बदलते. ती दोन्ही चेंबरबरोबरच मागून घ्यावीत.

३. कोणते इंजिन घ्यावे

माझे स्पष्ट मत असे आहे, की पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने त्याच गाडीच्या त्याच मालिकेत कारखान्याने कधीतरी बसवलेले अधिक ताकदीचे इंजिन घ्यावे. ८० मालिकेच्या लँड क्रूझरचेच पाहा: त्याच गाडीत १एचझेडशिवाय थेट इंधन फवारणीची, टर्बो असलेली ४.२ लिटरची १एचडी-टी आणि १एचडी-एफटी ही इंजिनेही कारखान्यातून येत असत. माउंटिंग, बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडला जाणारा घंटेच्या आकाराचा भाग), रेडिएटरची जागा हे सगळे तिथे जवळजवळ तयारच मिळते. हा सल्ला मला एका अनुभवी मिस्त्रींनी दिला होता आणि मी तो ऐकला नाही.

दुसऱ्या कंपनीचे इंजिन घ्यायचे असेल, तर ज्याचे ॲडॅप्टर (एकमेकांना न जुळणारे भाग जोडणारे तुकडे), चेंबर आणि सुटे भाग बाजारात सहज मिळतात असे घ्यावे. जनरल मोटर्सची एलएस कुळातली इंजिने याच कारणाने लोकप्रिय झाली. ५.७ लिटरचे ॲल्युमिनियमचे एलएस१ १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये आले. ट्रकांसाठी त्याच कुळातली ४.८ आणि ५.३ लिटरची बिडाच्या ब्लॉकची इंजिने पाठोपाठ आली आणि ती मोठ्या संख्येने बनली. टोयोटाचे ४ लिटरचे १यूझेड व्ही-८ संपूर्ण ॲल्युमिनियमचे आणि वजनाने हलके आहे. कमिन्सचे २.८ लिटरचे आर२.८ हे टर्बो डिझेल २०१७मध्ये खास जुन्या गाड्यांत बसवण्यासाठीच वायरिंग आणि इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकासह खोक्यात विकायला आले. त्याची ताकद १६१ अश्वशक्तीच होती, पण कमी फेऱ्यांवरचा टॉर्क भरपूर होता. एसयूव्हीला तोच जास्त उपयोगी पडतो.

वापरलेले इंजिन घेताना शक्य असेल तर ते जुन्या गाडीत चालू अवस्थेत पाहावे. ते जमले नाही तर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजावे. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांत फरक किती आहे हे महत्त्वाचे असते. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक खाली असेल तर ते इंजिन उघडावे लागणार असे समजून व्यवहार करावा. आणि इंजिन कधीही एकटे घेऊ नये. पूर्ण वायरिंग, संगणक, ॲक्सिलरेटरचे पेडल, सगळे सेन्सर, अल्टरनेटर, सेल्फ, पंखा आणि ब्रॅकेट एकाच गाडीतले, एकाच वेळी ताब्यात घ्यावेत. कापलेल्या वायरिंगचे इंजिन स्वस्त मिळते, आणि वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे पुढे वायरिंगवर जातात.

४. गिअरबॉक्स, ॲडॅप्टर आणि एक दशांश मिलिमीटर

इथे दोन वाटा फुटतात. नव्या इंजिनाबरोबर त्याचा गिअरबॉक्सही घेतला तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा जोड निर्धोक राहतो, पण गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) यांच्यामध्ये ॲडॅप्टर लागतो, एकूण लांबी बदलते आणि दोन्ही प्रोपेलर शाफ्ट नव्याने बनवावे लागतात. जुना गिअरबॉक्स ठेवला तर ट्रान्स्फर केस, शाफ्ट आणि गिअरचा दांडा जागच्या जागी राहतात, फक्त इंजिन आणि बेलहाउसिंग यांच्यामध्ये ॲडॅप्टर येतो. गिअरबॉक्स वाढीव टॉर्क सोसणारा असेल तर मी दुसरी वाट सुचवतो. निर्णयापूर्वी एक गणित कागदावर करून पाहा. समजा पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.५, लो रेंजचे (ट्रान्स्फर केसमधल्या संथ गिअरचे) २.५ आणि क्राउन-पिनियनचे (ॲक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचे) ४.१ आहे. तिन्हींचा गुणाकार साधारण ४६ येतो. २८० न्यूटन-मीटरचे इंजिन त्यातून साधारण १२,९०० न्यूटन-मीटर ॲक्सलपर्यंत पोहोचवते आणि ४४० न्यूटन-मीटरचे इंजिन साधारण २०,३००. टायर जागेवर घसरून फिरला तर हा भार कधीच पूर्ण पडत नाही. पण खडकात अडकलेले चाक घसरत नाही, आणि ॲक्सल शाफ्ट तुटतात ते अशाच वेळी.

ॲडॅप्टर बसवल्यावर बेलहाउसिंगचे मधले भोक आणि क्रँकशाफ्ट यांचा केंद्रबिंदू एकच आहे का, हे तपासलेच पाहिजे. पुष्कळ जण हा टप्पा गाळतात. सगळे प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. डायल गेजचा चुंबकी पाया फ्लायव्हीलवर चिकटवा, गेजचे टोक बेलहाउसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा, वरच्या बिंदूला काटा शून्यावर आणा आणि क्रँक हळूहळू फिरवत दर चतुर्थांश फेरीला आकडा लिहा. माझ्याकडे वर शून्य, खाली ०.३६ मिलिमीटर आले. गेजने दाखवलेला फरक प्रत्यक्ष सरकण्याच्या दुप्पट असतो, म्हणजे भोक ०.१८ मिलिमीटरने बाजूला होते. गेजवर ०.१३ मिलिमीटरपर्यंतचा फरक सामान्यतः चालतो. ॲडॅप्टर कातून देणाऱ्या कार्यशाळेने "एवढ्याने काही होत नाही" असे छातीठोकपणे सांगितले आणि मी तसाच गिअरबॉक्स चढवला. हजार किलोमीटरही झाले नसतील, तोच क्लच दाबल्यावर घरघर येऊ लागली. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्रँकच्या टोकातले पायलट बेअरिंग एका बाजूने झिजून निळे पडलेले होते. उपाय साधा होता: मध्यापासून ०.१८ मिलिमीटर सरकवलेल्या डॉवेल पिना (बेलहाउसिंगची जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) तयार मिळतात. त्या बसवल्या, योग्य दिशेला फिरवून पक्क्या केल्या आणि गेज ०.०५वर आले. जे काम पहिल्याच दिवशी अर्ध्या तासाचे होते, त्यासाठी संपूर्ण गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागला.

क्राउन-पिनियनचा विचारही याच टप्प्यावर करावा. ८० सेंटिमीटर व्यासाचा टायर ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ६६३ फेरे घेतो. क्राउन-पिनियन ४.१ आणि शेवटचा गिअर ०.८५ असेल तर इंजिन साधारण २,३०० फेऱ्यांवर चालते. पेट्रोल व्ही-८ला हे मानवते. उलट पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणाऱ्याने हाच हिशेब नीट तपासावा, कारण पेट्रोलसाठी दिलेल्या क्राउन-पिनियनवर डिझेल इंजिन महामार्गावर विनाकारण ओरडत राहते.

५. हत्यारे

नेहमीच्या पान्यांखेरीज इंजिन क्रेन, इंजिन स्टँड, गिअरबॉक्स जॅक, चार मजबूत घोड्या, टॉर्क पाना, चुंबकी पायाचा डायल गेज, कोन मोजण्याचे साधन, मल्टिमीटर, वायरीच्या टोकांना लग दाबण्याचा चांगला प्लायर आणि इंधनाचा दाब मोजण्याचे गेज लागते. क्रेनबाबत एक सावधगिरी बाळगावी: तिच्यावर लिहिलेला दोन टनांचा आकडा तिचा हात सर्वांत आखूड असतानाचा असतो. एसयूव्हीचा बंपर पार करून इंजिनापर्यंत पोहोचण्यासाठी हात पूर्ण बाहेर काढला की तीच क्रेन अर्ध्या टनाची उरते. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेल्या अवस्थेत त्या लांबीला उचलू नये.

६. जुने इंजिन काढणे

हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत समाधान देणारा दिवस असतो, आणि घाई नेमकी इथेच होते. प्रत्येक वायर, होज पाइप आणि केबल सोडवण्यापूर्वी तिचा फोटो घ्या आणि जोडाच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक असलेली चिठ्ठी लावा. एकाच टोकाला लावलेली चिठ्ठी तीन महिन्यांनी कोडे बनते. एसीचा वायू स्वतः हवेत सोडू नका, तो यंत्राने काढून घ्यावा लागतो. इंजिन बाहेर आले की रिकामी जागा धुऊन, गंज काढून रंगवून घ्यावी, कारण हात इतका आत पोहोचण्याची संधी पुन्हा येत नाही.

७. माउंटिंग

माउंटिंग बनवताना आधी रिकामा ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड, चेंबर आणि सेल्फ एवढेच जोडून ते खऱ्या गिअरबॉक्सला लावावे आणि क्रेनवर टांगून जागा ठरवावी. मागचा जोड गिअरबॉक्समुळे ठरलेला असतो. पुढच्या टोकाची उंची तेवढी तुमच्या हातात असते. जुना गिअरबॉक्स मूळ जागी असेल तर ट्रान्स्फर केसचा मूळ कोन तसाच राखावा, कारण प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे राहिले तरच शाफ्ट न थरथरता फिरतो. इंजिन काढण्यापूर्वी हे कोन मोजून लिहून ठेवलेले असले की काम निम्मे होते.

ब्रॅकेट चेसिसला फक्त टाके मारून धरावेत आणि पुढील गोष्टी पाहाव्यात: सेल्फ इंजिन न हलवता काढता येतो का, ऑइल फिल्टर निघतो का, सर्वांत मागचा प्लग काढायला पाना बसतो का, बॉनेट लागते का. होकार मिळाल्यावरच पक्के वेल्डिंग करावे आणि ते ज्याला चेसिसच्या वेल्डिंगची सवय आहे अशा माणसाकडूनच करून घ्यावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि संगणक सोडवून ठेवावेत. आणि माउंटिंगमध्ये रबर असलेच पाहिजे. लोखंडाला लोखंड बांधलेले इंजिन काही महिन्यांत चेसिसवरच्या ब्रॅकेटला तडे पाडते.

८. थंडावा

इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग कूलंटमधून बाहेर पडतो. ताकद वाढली की ही उष्णता वाढते, आणि एसयूव्ही तर लो रेंजमध्ये ताशी १० किलोमीटरने तासन् तास चालते, जेव्हा समोरून वारा येत नाही. रेडिएटर जागेत बसेल तेवढा मोठा घ्यावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पंख्याभोवती पूर्ण आच्छादन असावे. आच्छादन नसलेला पंखा तीच गरम हवा गोल फिरवत बसतो. एलएस कुळातल्या इंजिनांच्या हेडवरून एक बारीक वाफेची नळी निघते. ती अनेकांना निरुपयोगी वाटते आणि ते तिला बूच मारतात. तसे करू नये. ती रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा एक्स्पान्शन टाकीत सोडावी, नाहीतर हेडमध्ये हवेचा बुडबुडा अडकतो आणि तापमानाचा काटा शांत असतानाच हेड तापते.

९. इंधन

कार्ब्युरेटरच्या गाडीचा पंप साधारण ०.३ ते ०.४ बार दाब देतो. फवारणीच्या इंजिनाला ३ ते ४ बार लागतात, माझ्या व्ही-८ला ४. म्हणून पंप, फिल्टर, रेग्युलेटर आणि होज पाइप हे सगळेच बदलावे लागते. होज पाइप उच्च दाबाच्या फवारणीसाठीचाच असावा आणि त्यावर स्क्रूने आवळण्याच्या साध्या, भोके असलेल्या क्लिपा वापरू नयेत. त्या रबर कापतात. इंधनाचे डचमळणे रोखणाऱ्या आडव्या पट्ट्या जुन्या टाकीत बहुधा नसतात, त्यामुळे टाकी पाव भरलेली असताना तीव्र चढावर पंप हवा ओढतो आणि इंजिन अगदी नको त्या वेळी बंद पडते. त्यावर उपाय म्हणजे मध्ये दीड-दोन लिटरची छोटी सर्ज टाकी, जी जुना कमी दाबाचा पंप भरत राहतो आणि जिच्यातून नवा पंप ओढतो. डिझेलची टाकी पेट्रोलसाठी वापरायची असेल तर ती उतरवून आतून पूर्ण स्वच्छ करावी आणि पेट्रोलच्या वाफेसाठी कार्बन कॅनिस्टर बसवावा. टाकीच्या झाकणाजवळ नव्या इंधनाचे नाव ठळक लिहावे. पंपावरच्या माणसाला तुमच्या अकरा महिन्यांची कल्पना नसते.

१०. वायरिंग

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि सर्वांत कमी सांगण्यासारखे केले. बोनेटखालच्या वायरींचा गठ्ठा पाहून घाबरायला होते, पण इंजिनाच्या संगणकाला गाडीकडून मोजक्याच गोष्टी हव्या असतात: बॅटरीची कायमची वायर, चावी लावल्यावर येणारी वायर, उत्तम अर्थिंग आणि इंधन पंपाचा रिले. त्याच्याकडून गाडीला फेऱ्यांच्या मीटरचा सिग्नल, धोक्याचा दिवा आणि पंख्याच्या रिलेचा सिग्नल मिळतो. यातली प्रत्येक वायर स्वतंत्र फ्यूजमधून द्यावी.

सापळा चावीच्या वायरीत आहे. माझे इंजिन सेल्फ मारत असेपर्यंत नुसते फिरायचे आणि चावी सोडली की क्षणभर भडकून बंद व्हायचे. तीन आठवडे मी इंधन, प्लग, सेन्सर सगळे तपासले. अखेर मल्टिमीटरची टोके संगणकाच्या वायरीला लावून मित्राला सेल्फ मारायला सांगितले. चावी लावल्यावर १२.४ व्होल्ट होते आणि सेल्फ मारताच काटा शून्यावर आला. मी ती वायर रेडिओच्या सर्किटवरून घेतली होती, आणि सेल्फला पूर्ण विद्युतप्रवाह मिळावा म्हणून ते सर्किट त्या वेळी बंद होते. चावी लावल्यावर आणि सेल्फ मारतानाही जिवंत राहणारी वायर इग्निशन स्विचच्या मागे मीटरनेच शोधावी.

आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. इंजिन ज्या गाडीतून काढले तिच्या चोररोधक यंत्रणेशी बोलण्याची सवय असलेला संगणक तुमच्या गाडीत इंजिन चालू करून दोन सेकंदांत बंद करतो. ती यंत्रणा संगणकातून काढून घ्यावी लागते. एलएस कुळातल्या जुन्या इंजिनांत क्रँकच्या सेन्सर चक्राला २४ खुणा असतात आणि नंतरच्यांत ५८, त्यामुळे संगणक त्याच प्रकारचा हवा. आणि काही जुन्या डिझेल गाड्यांचा सेल्फ २४ व्होल्टचा असतो. तिथल्या दोन बॅटऱ्यांची जोडणी बदलल्याशिवाय नव्या इंजिनाची एकही वायर जोडू नये.

अर्थिंगची जाड वायर ब्लॉकपासून चेसिसला, चेसिसपासून बॉडीला आणि बॅटरीपासून थेट ब्लॉकला अशी तिन्हीकडे द्यावी, आणि जोडाखालचा रंग खरवडून काढावा.

११. सायलेन्सर, ब्रेक आणि पुढचे वजन

एक्झॉस्टचे पाइप ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्यांपासून दूर न्यावेत, जिथे नाइलाज असेल तिथे मध्ये पत्र्याची ढाल लावावी. ऑक्सिजन सेन्सर आडवा किंवा खालून बसवू नये. वरच्या बाजूने किमान १० अंश तिरपा ठेवला की त्यात पाणी साचत नाही.

पेट्रोल काढून डिझेल बसवणाऱ्यांनी ब्रेकची विशेष काळजी घ्यावी. ब्रेक बूस्टरला लागणारी पोकळी पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमधून मिळते, डिझेलमध्ये ती तशी मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो विसरला तर ब्रेक बूस्टरची मदत मिळत नाही आणि पेडल दगडासारखे होते.

वजनकाट्यावर पुढचा ॲक्सल कामापूर्वी आणि कामानंतर असा दोनदा तोलावा. स्प्रिंगा कोणत्या घ्यायच्या हे त्या दोन आकड्यांच्या फरकावरून ठरते.

१२. पहिल्यांदा चालू करणे

अग्निशामक हाताशी ठेवा. तेल आणि कूलंट भरा, प्लग आणि इंधन पंपाचा रिले काढून ठेवा आणि तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत सेल्फ मारा, पण एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये सेल्फ निवू द्या. दाब दिसल्याशिवाय प्लग लावू नका. त्यानंतर रिले लावून फक्त चावी फिरवा आणि पंप चालू असताना एका माणसाने इंधनाचा प्रत्येक जोड हाताने चाचपून पाहावा. कोरडे असेल तरच इंजिन चालू करा. चालू झाले म्हणून ॲक्सिलरेटर दाबू नका. हीटर पूर्ण उघडून, संथ फेऱ्यांवर पंखा आपोआप लागून बंद होईपर्यंत थांबा आणि तोवर खाली वाकून थेंब शोधत राहा.

१३. पहिले पाचशे किलोमीटर

पहिली फेरी पाच किलोमीटरची, सोबत दुसरी गाडी घेऊन करावी. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे आणि कूलंट पाहावे. ते बहुधा कमी झालेले असते, कारण अडकलेली हवा बाहेर पडलेली असते. पन्नास किलोमीटरनंतर माउंटिंगचे आणि प्रोपेलर शाफ्टचे सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत आणि प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या वेळी सैल झालेला बोल्ट नजरेनेच कळतो. पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलावे, फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का पाहावे, आणि विजेरी घेऊन गाडीखाली झोपून चकाकणाऱ्या जागा शोधाव्यात. जिथे दोन भाग घासतात तिथे रंग उडून पत्रा चमकू लागतो. माझ्या गाडीत अशी एकच जागा सापडली, क्लचच्या नळीवर, जिथे ती स्टिअरिंग शाफ्टच्या मागून जाते. ती नळी मी तेव्हाच दोन बोटे बाजूला वळवून नव्या क्लिपमध्ये धरली.